जत्रेतल्या घोड्यावरच्या पोराचा फोटो

पोर जत्रेतल्या फिरत्या पाळण्याच्या घोड्यावर पहिल्यांदाच बसत असतं. कुंपणाबाहेर मोबाईल धरून उभी असलेली आई आणि तिच्या मागे उभे असलेले आजोबा यांच्या डोळ्यांपुढे मात्र त्यांची स्वतःची जत्रा फिरत असते. फोटो फसतो तो बहुतेक वेळा इथेच. मोठी माणसं मनातल्या जुन्या फोटोसारखा फोटो शोधत राहतात, ‘हिकडं बघ, हास की जरा!’ म्हणून ओरडतात, आणि पोराचा खरा चेहरा निसटतो. म्हणून पोराचा आनंद पोराच्या चेहऱ्यावर पकडा आणि आठवण मोठ्यांच्या चेहऱ्यावर. जमलं तर दोन्ही एकाच फ्रेममध्ये.

पाळणा आधी बघून घ्या

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात घोड्यांचे पाळणे दोन जातीचे भेटतात. गावच्या महालक्ष्मी यात्रेत येते ती हाताने ढकलायची छोटी चक्री. मधे लोखंडी खांब, त्याला पाईप आणि पाईपला लटकवलेले सहा-आठ घोडे, कधी त्यात एखादा हत्ती नाहीतर मोटारगाडी. बेळगावात सीपीएड मैदानावर प्रदर्शन भरतं तिथे किंवा सौंदत्ती, चिंचलीसारख्या मोठ्या जत्रांत मोटारीवर चालणारा मोठा पाळणा असतो. त्याला फळ्यांचा चौथरा आणि वर छत असतं, आणि घोडे कधीकधी वरखालीही होतात.

तिकीट काढण्याआधी एक फेरी नुसती बघा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. एका फेरीला दहा सेकंद लागत असतील तर मिनिटाला सहा फेऱ्या होतात. तीन मीटर व्यासाच्या चक्रीवर याचा अर्थ घोडा सेकंदाला साधारण ०.९ मीटर जातो. पाच मीटरच्या पाळण्यावर तोच आकडा १.६ मीटर होतो. म्हणजे फेऱ्या तेवढ्याच असल्या तरी मोठ्या पाळण्यावरचा बाहेरचा घोडा जवळजवळ पावणेदोन पट जोरात जातो. पुढची सगळी सेटिंग्ज या आकड्यावर ठरतात.

घोडे कुठल्या दिशेने फिरतात तेही बघून ठेवा. पोराचा चेहरा तुमच्याकडे येताना दिसला पाहिजे. एक जागा धरून उभे राहिलात की पोर समोरून सरळ आडवं जाण्याच्या थोडं आधी, साधारण फेरीचा आठवा भाग उरलेला असताना, चेहरा तिरका आणि उजळ दिसतो. अगदी समोर आलं की नुसती बाजू दिसते, आणि पुढे गेलं की पाठ.

कुठला घोडा, कुठली वेळ

पोराला बाहेरच्या ओळीतल्या घोड्यावर बसवा. आतल्या घोड्यावर दोन अडचणी येतात. एक म्हणजे समोरून बाहेरचे घोडे आणि दांडे आडवे येतात. दुसरी जास्त त्रासाची आहे. छताला लावलेल्या निळ्या किंवा लाल ताडपत्रीतून उन्हाचा उजेड गाळून खाली येतो आणि पोराचं तोंड निळंजांभळं दिसतं. हा रंग घरी बसून पूर्ण काढता येत नाही, कारण घोड्यावर, कपड्यांवर आणि गालावर तो कमीजास्त पडलेला असतो. बाहेरच्या घोड्यावर बाजूने उघडा उजेड येतो आणि चेहरा या रंगातून आपोआप सुटतो.

माघातल्या जत्रेत सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, मे महिन्यात सातच्या जवळ. पाच ते सहा ही फोटोची सोपी वेळ, कारण ऊन तिरकं होऊन छताखाली शिरतं. पण सगळ्यात चांगली वेळ सूर्य गेल्यानंतरची वीस मिनिटं. आकाशात अजून निळाई असते, पाळण्याचे दिवे लागलेले असतात आणि दोन्हींचा उजेड जवळजवळ सारखा पडतो. नंतर आकाश काळं होतं, दिवे तेवढे पांढरेफटक येतात आणि मागचं देऊळ अंधारात जातं. त्या वीस मिनिटांत पोर घोड्यावर असायला हवं, म्हणून रांगेत पंधरा मिनिटं आधी उभे राहा. भजी आणि चिरमुरे नंतर.

बेळगावातल्या वडगावच्या मंगाईची यात्रा आषाढात, भर पावसाळ्यात येते. तेव्हा वेळेचा हा हिशेब चालत नाही. ढगाळ उजेड दिवसभर मऊ असतो, सावल्या नसतात, पण पाच वाजताच अंधारल्यासारखं होतं. आयएसओ (कॅमेरा उजेड किती संवेदनशीलपणे टिपतो त्याचा आकडा) ८००पासून सुरुवात करा. चिखलात पाणी साचलेलं असेल तर मोबाईल जमिनीपासून वीतभर उंचीवर उलटा धरा, म्हणजे लेन्स पाण्याजवळ येते आणि घोड्यांचं प्रतिबिंब फ्रेममध्ये मिळतं.

थांबवलेला फोटो

चेहरा स्वच्छ यावा, डोळे धारदार दिसावेत यासाठी शटर, म्हणजे फोटो टिपताना ते उघडं राहतं तो वेळ, १/५०० सेकंद. १/१२५ ला मोठ्या पाळण्यावरचा घोडा शटर उघडं असताना सव्वा सेंटीमीटर पुढे सरकतो. पापण्या पुसट होतात, तेवढ्याने फोटो मेल्यासारखा दिसतो. १/५०० ला तेच सरकणं तीन मिलिमीटरवर येतं. संध्याकाळच्या उन्हात कॅमेऱ्यावर एफ/४ (हे लेन्सच्या छिद्राचं माप), आयएसओ २०० ते ४०० इतक्यात काम होतं. मोबाईलवर शटर हाताने ठरवता येणारा ‘प्रो’ मोड नसेल तर निदान ऊन असताना काढा, म्हणजे फोन स्वतःच शटर जलद ठेवतो.

फोकस चालत्या पोरावर धरायला जाऊ नका. पाळण्याची गंमत अशी की पोर दर फेरीला त्याच जागी परत येतं. त्या जागेवरून दुसरा एखादा घोडा जात असताना त्याच्यावर बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. मग सूर्याच्या खुणेवरून बोट थोडं वर सरकवून उजेड वाढवा, कारण छताखालच्या पोरामागे उघडं आकाश असलं की फोन चेहरा काळवंडून टाकतो. कॅमेऱ्यावर हेच एक्स्पोजर +०.७ ते +१ एवढं वाढवायचं.

घोडे वरखाली होणारे असतील तर घोडा अगदी वर किंवा अगदी खाली असताना दाबा. त्या दोन टोकांना वरखाली हालचाल क्षणभर शून्य होते. मधल्या भागात ती सगळ्यात जास्त असते. वरच्या टोकाला पोर बहुधा हसतं, खालच्या टोकाला दांडा घट्ट धरतं. दोन्ही घ्या.

हाताने ढकलायच्या चक्रीला एकसारखा वेग नसतो. पाळणेवाला दोन-चार पावलं धावत ढकलतो आणि सोडतो. धक्का बसतो तेव्हा सगळी पोरं मागे झुकतात, तोंडं वाकडी होतात. सोडल्यावरच्या दोन-तीन सेकंदांत चक्री नुसती वाहत जाते. तिथे बर्स्ट घ्या, म्हणजे लागोपाठ बरेच फोटो. पाळणेवाल्याशी बोलायला लाजू नका. ‘अण्णा, स्वल्प निधान’ एवढं कन्नड पुरतं. दोन फेऱ्या हळू फिरवायला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

फिरतं ते फिरताना दिसलं पाहिजे

थांबवलेला फोटो स्वच्छ असतो, पण त्यात पाळणा उभाच वाटतो. फिरण्याची जाणीव आणायची तर पोर स्थिर आणि जग पुसट झालं पाहिजे. याला दोन रस्ते आहेत, आणि त्यातला दुसरा सोपा असून लोक तो वापरत नाहीत.

पहिला रस्ता म्हणजे बाहेर उभं राहून पोराबरोबर कॅमेरा फिरवत नेणे. मोटारसायकलच्या फोटोसाठी १/६० किंवा १/३० सांगतात तो सल्ला इथे उपयोगाचा नाही, कारण पाळणा तितका जोरात नसतोच. १/१५ धरा आणि मोबाईल असेल तर दोन पट झूम करा, म्हणजे मागची रेघ लांब येते. पाय रुंद ठेवा, कोपर बरगड्यांना चिकटवा आणि कमरेतून वळा. पोर येण्याआधी वळायला सुरुवात करायची आणि दाबल्यानंतरही वळत राहायचं. दाबताना हात थांबतो म्हणून बहुतेक फोटो बिघडतात. पोर गोलात फिरत असल्याने ते तुमच्यासमोर सरळ आडवं जातं तो भाग लहान असतो. त्याच्या आधी आणि नंतर ते जवळ-लांब होत राहतं, आणि चेहरा स्वच्छ आला तरी घोड्याचं शेपूट पुसट येतं. त्यामुळे दर फेरीला एकच जागा, तीन-चार फोटो, बस्स. एक फायदा मात्र मिळतो. खांबाच्या पलीकडचे घोडे उलट्या दिशेने जात असतात, त्यामुळे ते आणखी जास्त पुसट होतात आणि पोर त्यांच्यापुढे उठून दिसतं.

मोबाईलवाल्यांची इथे एक अडचण होते. बहुतेक मोबाईलचं छिद्र लहानमोठं करता येत नाही, एफ/१.८ च्या आसपास ते पक्कं असतं. उन्हात १/१५ ठेवलं तर आयएसओ ५० वरही फोटो पांढराफटक येतो. एकतर चिमट्याने लावायचा, उजेड कमी करणारा काळा एनडी फिल्टर वापरा किंवा सूर्य मावळायची वाट बघा.

दुसऱ्या रस्त्यात तुम्हीच पाळण्यात बसायचं. मोठ्यांना चालत असेल अशा पाळण्यावर पोराच्या पुढच्या घोड्यावर बसा किंवा चौथऱ्यावर दांड्याला पाठ टेकून उभे राहा. तुम्ही आणि पोर एकाच वेगाने फिरता, म्हणून तुमच्या दृष्टीने पोर जागच्या जागी असतं. बाहेरची जत्रा तेवढी सरकते. मिनिटाला सहा फेऱ्या म्हणजे सेकंदाला ३६ अंश. १/१५ ला मागचं सगळं अडीच अंशांनी पुसतं, १/८ ला साडेचार अंशांनी. इतक्यात फुगेवाले, उसाच्या रसाचे गाडे आणि दिव्यांच्या माळा सगळ्यांच्या रंगीत रेघा होतात आणि मधे पोराचा चेहरा स्वच्छ राहतो. मोबाईलची नेहमीची एक पट (१x) लेन्स यासाठी बरोबर. अतिरुंद लेन्सने पोराचं डोकं कडेला ओढल्यासारखं लांबट होतं. डिझेल इंजिनावर चालणारा पाळणा थरथरतो, तिथे १/८ सोडा आणि १/२० पर्यंत या. वरखाली होणारे घोडे असतील तर स्वतः घोड्यावर बसू नका. तुमचा घोडा वर असताना पोराचा खाली असतो आणि हिशेब फिसकटतो.

बर्स्टमध्ये आठ-दहा तरी घ्या. पोराची मान हलते, त्यातले एक-दोनच जमतात, आणि तेवढे पुरेसे आहेत.

दिव्यांचे पट्टे

अंधार पडल्यावर १/५०० ने काढलेल्या फोटोत आडवे काळे पट्टे येतात, किंवा एका फोटोत दिवे लागलेले आणि पुढच्यात विझलेले दिसतात. मोबाईल बिघडलेला नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत पूर्ण लुकलुक येते आणि पट्टे जातात. जत्रेतले पाळणे जनरेटरवर असतात, आणि जनरेटरची गती भजीच्या मोठ्या शेगडीसारखी कमीजास्त होते. मग १/१०० वरही हलके पट्टे दिसू शकतात. तेव्हा १/५० वर या. एफ/१.८ ला आयएसओ ५०० ते ८०० पुरतं. चित्रफीत काढायची तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०. स्लो मोशन रात्री लुकलुकणारच, ते उन्हात काढून ठेवा.

रात्री तीन गोष्टी बंद करा. नाईट मोड, कारण तो अनेक फोटो एकावर एक चिकटवतो आणि फिरणाऱ्या पोराला दोन तोंडं येतात. पोर्ट्रेट मोड, कारण घोड्याचा दांडा आणि पोराचे केस तो वेडेवाकडे कापतो. आणि फ्लॅश. कुंपणापासून तीन मीटरवर मोबाईलचा फ्लॅश पोहोचत नाही. उजळतं ते फक्त पुढचं कुंपण, आणि समोरून चमक आल्याने घोड्यावरची पोरं दचकतात ती वेगळीच.

आठवण कुठून येते

फोटो पिवळट करणारा फिल्टर लावला की आठवण आली, असं मानणारे पुष्कळ आहेत. जुने रंगीत फोटो तांबूस दिसतात ते त्यांतला निळसर रंग आधी उडून गेल्यामुळे. म्हणजे फिल्टर ज्याची नक्कल करतो ते त्या जत्रेचं रूप नव्हे, कागदाची झीज आहे. आजच्या फोटोला ती मुद्दाम कशाला लावायची?

त्यापेक्षा फ्रेमच्या कडांना काय ठेवता ते बघा. घोड्याच्या कानाजवळ रंगाचे पोपडे निघालेले असतात, आतला जुना रंग दिसतो. तो जवळून घ्या. घाबरलेल्या पोराच्या पाठीवर आजीचा हात असतो, हिरव्या बांगड्यांसकट. पोराचा चेहरा फ्रेमबाहेर ठेवून तो हात तेवढा घ्या. पाळण्याच्या कपाळावर कन्नड आणि मराठी दोन्ही अक्षरांत रंगवलेली पाटी असेल तर ती सोडू नका. आणखी वीस वर्षांनी हा फोटो इथलाच आहे हे तीच सांगेल. उलट पुढाऱ्यांचे फ्लेक्स शक्यतो टाळा. दोन पावलं डावी-उजवीकडे सरकलात तरी फ्लेक्सच्या जागी देवळाचं शिखर नाहीतर आकाशपाळणा येतो.

सगळ्यात मोलाचा फोटो बाहेर उभ्या असलेल्या माणसाचा असतो. पोर खांबामागे जातं तेव्हा आजोबांचे डोळे पलीकडच्या कडेला जाऊन थांबतात. पोर दिसलं की चेहरा सैल होतो. दर फेरीला हे घडतं, म्हणून तयारी करता येते. आजोबांच्या मागे, खांद्याच्या उंचीवर थोडं तिरकं उभे राहा. त्यांचा कान, गाल आणि टोपीची कड पुढे पुसट ठेवा, आणि पलीकडून येणाऱ्या पोरावर फोकस धरा. नंतर उलट करा. फोकस आजोबांवर, पोर मागे पुसट.

पोराचाही असाच एक क्षण असतो. आडून बाहेर येताना ते आपलं माणूस शोधतं. भिरभिरणारी नजर, मग ओळख, मग हसू, आणि मग लगेच हात हलवणं. हात हलवायला लागलं की चेहरा दाखवण्यासाठीचा होतो. म्हणून नजर सापडते त्या क्षणी दाबा. त्यासाठी आईच्या अगदी शेजारी उभे राहा आणि हाक मारू नका. बारकं पोर असेल तर मांडी घालून किंवा उकिडवं बसा. हातचक्रीवर पोराचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतात. उभं राहून काढलं तर टाळू आणि घोड्याची पाठ एवढंच मिळतं. मोठ्या पाळण्यावर उभं राहिलं की उंची आपोआप जुळते.

घरात जुना जत्रेतला फोटो असेल तर त्याची जोडी काढणं सोपं आहे. त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यांची लेन्स बहुधा ३५ मिलिमीटरच्या आसपास असे. मोबाईलची एक पट लेन्स त्याहून रुंद, म्हणून दीड पट झूम करा. जुन्या फोटोत घोड्याचे पाय कुठे कापलेत आणि क्षितिज पोराच्या छातीशी आहे की डोक्याशी, ते बघून कॅमेऱ्याची उंची ठरवा. क्षितिज ज्या उंचीवर दिसतं तीच कॅमेऱ्याची उंची असते. आजच्या पोराला त्याच पोझमध्ये बसवायला जाऊ नका. जागा, अंतर आणि उंची जुळली की पुरे.

शिवाय मोबाईल खिशात ठेवून तीसेक सेकंद नुसता आवाज रेकॉर्ड करा. पिपाण्या, लाऊडस्पीकरवरच्या दोन भाषांतल्या हाका आणि पाळण्याची कुरकुर. पुढे फोटोपेक्षा यातूनच जुनी जत्रा जास्त आठवते.

जपून

चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत भंडारा उधळला जातो. मागून ऊन असलं की त्या पिवळ्या धुळीत घोडे सुरेख दिसतात, पण तीच धूळ लेन्सवर बसते. रुमालाने पुसलंत तर ओरखडे पडतात. आधी फुंकणीने हवा मारा, मग मऊ कापड. कॅमेऱ्याची लेन्स तिथे बदलू नका. मोबाईल झिप असलेल्या पिशवीत ठेवा आणि फोटोपुरता बाहेर काढा.

पाळणा फिरत असताना कुंपणाच्या आत पाऊल नको. मोबाईलला मनगटात अडकवायची दोरी लावा, सेल्फीच्या काठ्या आणू नका. तीन वर्षांखालच्या पोराला धरायला माणूस बरोबर बसलाच पाहिजे, आणि त्या माणसाने फोटो काढायचे नाहीत. पदर आणि ओढणी खोचून घ्या, फिरत्या सांध्यात ते अडकतात. शेजारच्या घोड्यावरची पोरं दुसऱ्यांची असतात. त्यांचे चेहरे स्पष्ट येत असतील तर त्यांच्या आईवडिलांना विचारा, आणि विचारल्याशिवाय कुठे टाकू नका.

घरी आल्यावर

त्याच रात्री निवडा. एका पाळण्याचे पाच फोटो पुष्कळ झाले: एक थांबवलेला, एक फिरता, एक मोठ्यांचा, एक जवळचा तपशील आणि एक लांबून सगळ्या जत्रेसकट. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो बारीक होऊन जातो. चार बाय सहा इंचांची प्रिंट काढायला १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात, आणि मोबाईलच्या मूळ फाईलमध्ये त्याहून कितीतरी जास्त असतात.

प्रिंटच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढच्या बाजूला वळ उमटतो. फोटोसाठीचा बारीक टोकाचा मार्कर घ्या आणि कडेला लिहा: पोराचं नाव, वय, गाव, जत्रा, तिथी आणि साल, शिवाय कुठे उभं राहून काढला तेही. बऱ्याच गावांची महालक्ष्मी यात्रा दरवर्षी भरत नाही, मधे काही वर्षं जातात. पाळण्याची जागा तोवर बदलते, देवळाची सहसा बदलत नाही. म्हणून ‘देवळाच्या उत्तरेला, पिंपळापासून वीस पावलं’ अशी खूण देवळापासून मोजलेली असावी. चिकट पानांचा अल्बम वापरू नका. त्यातला डिंक काही वर्षांनी फोटोला धरतो आणि काढताना कागद फाटतो. कोपऱ्यांत खोचायचे कागदी त्रिकोण फोटो स्टुडिओत किंवा स्टेशनरीच्या दुकानात विचारा.